नवा जिल्हा होतो म्हणजे नेमकं काय काय होतं? (पालघरच्या निमित्ताने)

टाचण:

नव्या जिल्ह्यांच्या याद्या अधूनमधून सगळीकडे फिरतात. मालेगाव, अंबाजोगाई, उदगीर, किनवट, अचलपूर, पुसद, खामगाव, चिमूर, अहेरी आणि नगरच्या उत्तर भागासाठी शिर्डी, श्रीरामपूर की संगमनेर. जिल्हा व्हावा की नको यावर भरपूर लिहून झालंय. तो करतात कसा, आणि केल्यावर कुठे अडतो, यावर मराठीत फार थोडं सापडतं. म्हणून हा धागा.

उदाहरण पालघरचं घेऊ, कारण राज्यातला शेवटचा जिल्हा तोच. १३ जून २०१४ ला मंत्रिमंडळाचा निर्णय, १ ऑगस्ट २०१४ पासून जिल्हा अस्तित्वात. जुना ठाणे जिल्हा १५ तालुक्यांचा, ९,५५८ चौ. किमी. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १ कोटी १० लाखांवर, म्हणजे तेव्हा देशातला सर्वांत जास्त लोकसंख्येचा जिल्हा. त्यातले वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा हे आठ पालघरला गेले. ठाणे, कल्याण, भिवंडी, मुरबाड, शहापूर, उल्हासनगर, अंबरनाथ हे सात मागे राहिले.

माझे प्रश्न असे. कायद्याने जिल्हा नक्की कोण आणि कशाने करतो? पदं, पैसा, दफ्तर यांची वाटणी कशी होते? आणि जिल्ह्याबरोबर काय बदलत नाही? राजकीय श्रेय-अपश्रेय इथे नको, कृपया.

चावडी:

चांगला विषय. पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम ४. राज्य शासन राजपत्रात अधिसूचना काढून ठरवतं की कोणत्या जिल्ह्यांचा महसुली विभाग, कोणत्या उपविभागांचा जिल्हा, कोणत्या तालुक्यांचा उपविभाग, कोणत्या गावांचा तालुका. हद्द बदलणं, दोन एकत्र करणं, एकाचे दोन करणं, रद्द करणं, नाव देणं किंवा बदलणं, सगळं याच कलमात. विधिमंडळात वेगळा कायदा करावा लागत नाही. राज्याची हद्द बदलायची तर संसद लागते, जिल्ह्याची बदलायला राज्य शासन पुरतं.

पण त्याच कलमात पूर्वप्रसिद्धीची अट आहे, आणि घाईत इथेच चूक होते. आधी मसुदा अधिसूचना काढायची, हरकती आणि सूचना कोणत्या तारखेनंतर विचारात घेतल्या जातील ते तिच्यातच लिहायचं, आलेल्या हरकतींचा खरोखर विचार करायचा आणि मगच अंतिम अधिसूचना. पद्धत सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या (सगळ्या कायद्यांना लागू समान नियमांचा कायदा) कलम २४ ची. ही पायरी नावापुरती उरकली, तर उच्च न्यायालयात हद्दीच्या शहाणपणावर वाद होत नाही. वाद होतो तो पद्धत पाळली का, यावर. हद्द कुठे असावी हा धोरणाचा प्रश्न म्हणून न्यायालयं सहसा शासनावर सोडतात.

मसुद्याच्या आधीचं काम जिल्हाधिकाऱ्यांकडे असतं. प्रस्तावात गावनिहाय यादी लागते: गावाचं नाव, जनगणना सांकेतांक, क्षेत्र, लोकसंख्या, सध्याचा सजा (तलाठ्याचं कार्यक्षेत्र) आणि मंडळ (काही सजांचा गट), प्रस्तावित मुख्यालयाचं अंतर. सोबत नकाशा, जमीन महसुलाची आकडेवारी, मुख्यालयासाठी शासकीय जागा आहे का. तो विभागीय आयुक्तांच्या शिफारशीसह महसूल व वन विभागाकडे, तिथून वित्त आणि नियोजनचे अभिप्राय घेऊन मंत्रिमंडळापुढे. बरेच प्रस्ताव वित्तकडेच थांबतात, कारण जिल्हा म्हणजे एक जिल्हाधिकारी नव्हे. निवासी उपजिल्हाधिकारी, रोजगार हमी योजना (रोहयो), भूसंपादन आणि निवडणुकीचे उपजिल्हाधिकारी, पुरवठा अधिकारी, नियोजन अधिकारी, कोषागार, पोलीस अधीक्षक, जिल्हा शल्यचिकित्सक, अधीक्षक कृषी अधिकारी, सहकाराचे जिल्हा उपनिबंधक, भूमी अभिलेखचे जिल्हा अधीक्षक, आणि पूर्ण जिल्हा परिषद. प्रत्येकाचा आकृतिबंध, म्हणजे पदांचा आराखडा, वेगळा मंजूर व्हावा लागतो.

नकाशावेडा:

संदर्भासाठी क्रम देऊन ठेवतो. १ मे १९६० ला महाराष्ट्रात २६ जिल्हे होते. त्यानंतर:

सिंधुदुर्ग आणि जालना, १ मे १९८१. लातूर, १६ ऑगस्ट १९८२. गडचिरोली, २६ ऑगस्ट १९८२. मुंबई उपनगर, ४ ऑक्टोबर १९९०. नंदुरबार आणि वाशिम, १ जुलै १९९८. हिंगोली आणि गोंदिया, १ मे १९९९. पालघर, १ ऑगस्ट २०१४. एकूण ३६.

यात एक गंमत नाही, अडचण आहे. १९८१ च्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च. सिंधुदुर्ग आणि जालना दोन महिन्यांनी झाले. म्हणून १९८१ च्या तक्त्यांत २६ च जिल्हे दिसतात आणि सिंधुदुर्गचा १९८१ चा आकडा हवा असेल तर रत्नागिरीच्या तालुक्यांची बेरीज करावी लागते. जालन्याचं आणखी किचकट, कारण त्यात औरंगाबादबरोबर परभणीचा परतूर भागही आला.

पालघरचंही तसंच. २०११ च्या तक्त्यात पालघर नावाचा जिल्हाच नाही. आठ तालुके मिळवले की सुमारे २९.९ लाख येतात, उरलेल्या ठाण्याचे ८०.७ लाख. क्षेत्र मात्र उलटं: पालघर ५,३४४ चौ. किमी, ठाणे ४,२१४.

आणि कृपया राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीतलं ठाणे आणि पाचव्या फेरीतलं ठाणे शेजारी ठेवून "कुपोषण घटलं" असं लिहू नका. चौथी फेरी (२०१५-१६) २०११ च्या जिल्ह्यांवर केली, म्हणजे त्यात मोखाडा-जव्हारसह अख्खं ठाणे आहे. पाचवीत पालघर वेगळा. आदिवासी तालुके वजा झाले की उरलेल्याची सरासरी आपोआप सुधारते. वृत्तपत्रांत ही चूक वारंवार दिसते आणि तिचा फटका मोखाड्याच्या बालकांना बसतो, कारण प्रश्न सुटल्यासारखा वाटतो.

उत्तर कोकण:

मुख्यालयाबद्दल लिहायलाच हवं, कारण पालघरचा खरा वाद तो होता. जिल्हा मागितला गेला तो डोंगरातल्या तालुक्यांसाठी. मोखाड्याच्या माणसाला ठाण्याला जाऊन एक सही घेऊन त्याच दिवशी परतणं कठीण होतं. म्हणून मुख्यालय जव्हारला व्हावं अशी जोरदार मागणी होती. जव्हार हे संस्थानचं जुनं गाव, अपर जिल्हाधिकाऱ्यांचं कार्यालय तिथे आधीपासून.

निवड पालघरची झाली. बाजूने मुद्दे होते: पश्चिम रेल्वेवरचं स्टेशन, २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत लोकल, मोठी शासकीय जमीन. वसई, पालघर, डहाणू या किनाऱ्याकडच्या तालुक्यांना ते सोयीचंच. पण मोखाड्याहून यायचं तर जव्हारचा घाट उतरा, विक्रमगड, मनोर आणि मग पालघर. मोखाडा, जव्हार, विक्रमगड, वाडा या चारही तालुक्यांत रेल्वे नाही. ज्यांच्या नावाने जिल्हा मागितला त्यांची वाट थोडी कमी झाली, संपली नाही.

लोकसंख्येचा कलही पाहा. २९.९ लाखांतले १२.२ लाख एकट्या वसई-विरार महापालिकेत. जिल्हा नियोजन समितीच्या टेबलावर शहराचा आवाज मोठा आणि गरज डोंगराची, हा ताण पहिल्या दिवसापासून होता.

माणदेशी:

प्रश्न आहे. मुख्यालयाची इमारत नसताना जिल्हा चालतो कसा? आणि इमारतीचा पैसा कुठून येतो?

उत्तर कोकण:

मिळेल त्या जागेत. पालघरमध्ये सुरुवातीची सात वर्षं कार्यालयं शहरात ठिकठिकाणी विखुरलेली होती. मग पालघर-कोळगाव भागातल्या दुग्धविकासच्या जमिनीवर सिडकोने मुख्यालय संकुल बांधलं. व्यवहार असा की सिडकोने मुख्यालयाच्या इमारती उभारायच्या आणि त्या बदल्यात सुमारे ४४० हेक्टर जमिनीवर नवं शहर विकसित करायचं. संकुलाचं उद्घाटन ऑगस्ट २०२१ मध्ये झालं.

या पद्धतीत तिजोरीतून रोख कमी जाते, पण मुख्यालय गावाबाहेर जातं. स्टेशनवर उतरलेल्या माणसाला पुढे रिक्षा किंवा बस लागते. सिंधुदुर्गचं मुख्यालय ओरोसला असंच मोकळ्या जागी वसवलं. जागेचा प्रस्ताव करतानाच एसटीच्या फेऱ्या आणि थांबा त्यात लिहून घेतले पाहिजेत, मागाहून ते कोणाचंच काम राहत नाही.

लेखाशीर्ष:

पैशाच्या बाजूचं लिहितो. इथे सगळ्यांत जास्त गोंधळ होतो आणि बाहेर तो दिसत नाही.

१ ऑगस्ट ही आर्थिक वर्षाच्या मध्यातली तारीख. एप्रिलमध्ये ठाण्याची वार्षिक योजना १५ तालुक्यांसाठी झालेली. वाटणीचं सोपं तत्त्व असं: काम ज्या गावात, निधी त्या जिल्ह्याचा. पण काही खर्च गावाला चिकटलेला नसतो. वाहनं, औषधखरेदी, मुख्यालयातल्या कर्मचाऱ्यांचे पगार, संगणक. त्यांच्यासाठी लोकसंख्या, क्षेत्र किंवा आदिवासी लोकसंख्या यातलं एखादं प्रमाण धरावं लागतं. लोकसंख्या धरली तर ठाण्याचा फायदा, क्षेत्र धरलं तर पालघरचा. हे आधी लेखी ठरलं नसेल तर मार्चअखेरपर्यंत पत्रव्यवहार चालतो आणि निधी व्यपगत होतो, म्हणजे न वापरताच बुडतो.

दुसरं, पगार. प्रत्येक कार्यालयाला आहरण व संवितरण अधिकाऱ्याचा (कोषागारातून पैसे काढून वाटणारा अधिकारी) सांकेतांक असतो. नव्या जिल्ह्याचं कोषागार सुरू झालं की तो सांकेतांक जुन्या कोषागारातून नव्याकडे न्यावा लागतो, मग सेवार्थ या पगाराच्या संगणक प्रणालीमध्ये पदं नव्या कार्यालयाला जोडायची. पद मंजूर, माणूस रुजू, पण पद सेवार्थमध्ये जोडलेलं नाही, म्हणून पगार नाही, हे ठरलेलं. उपाय एकच: नियत दिवसाच्या (नवा जिल्हा सुरू होण्याच्या तारखेच्या) निदान दोन महिने आधी पदनिहाय तक्ता दोन्ही कोषागारांनी सही करून तयार ठेवायचा.

तिसरं, जिल्हा परिषदेची देणी. एक उदाहरण जवळून पाहा. अविभक्त जिल्हा परिषदेने विक्रमगडच्या एखाद्या गावात रस्ता दिला. ठेकेदाराची सुरक्षा ठेव ठाण्याच्या खात्यात जमा. मोजमाप पुस्तिका उपअभियंत्याकडे, ती पालघरला गेली. दोषदायित्व काळ (कामातले दोष ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत) संपल्यावर ठेव परत कोणी करायची? रस्ता पालघरचा, पैसे ठाण्याकडे. मत्ता-दायित्वाच्या (मालमत्ता आणि देणी यांच्या) यादीत ही ठेव नावानिशी, रकमेनिशी उतरली असेल तरच ती हलते. यादीत "इतर ठेवी, एकत्रित" असा मोघम आकडा टाकला की पुढची पाच वर्षं एकेक ठेव शोधत बसावं लागतं. जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधीचंही तसंच. शिल्लक कर्मचाऱ्यामागे गेली पाहिजे आणि खातेउतारा आधी जुळवून घेतला पाहिजे. न जुळलेली शिल्लक निवृत्तीच्या वेळी बाहेर येते.

टाचण:

कर्मचाऱ्यांची वाटणी कशी होते? पर्याय देतात ना?

चावडी:

देतात, आणि तिथेच नवा जिल्हा लंगडा होऊ शकतो.

जिल्हा परिषदेचे शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्य सेवक यांचा संवर्ग जिल्ह्याचा असतो. जिल्हा फुटला की ज्येष्ठता यादी दोन भागांत करावी लागते. नुसता पर्याय दिला आणि ज्येष्ठतेने मान्य केला, तर ज्येष्ठ माणसं शहराजवळचा जिल्हा घेतात. मागे राहतात कनिष्ठ आणि रिक्त पदं, आणि रिक्त पदं जमतात डोंगरात. हे कोणा कर्मचाऱ्याचा दोष म्हणून सांगत नाही. घर, मुलांची शाळा, आजारी आईवडील पाहून कुणीही तेच करेल. म्हणून पर्याय देताना दोन्ही जिल्ह्यांत रिक्त पदांची टक्केवारी सारखी राहील अशी अट आधी घालावी लागते. म्हणजे ठाण्यात शंभरात आठ पदं रिक्त असतील तर पालघरमध्येही आठच, त्यापुढे पर्याय बंद.

मग बिंदुनामावली, म्हणजे कोणतं पद कोणत्या आरक्षणाचं ते दाखवणारी नोंदवही, नव्याने. आदिवासीबहुल जिल्ह्यांत गट क आणि ड पदांची आरक्षणाची टक्केवारी जिल्हानिहाय वेगळी असते. नव्या जिल्ह्याची टक्केवारी ठरून मागासवर्ग कक्षाकडून नामावली तपासून होईपर्यंत भरती आणि पदोन्नती दोन्ही थांबतात. वर्ष-दोन वर्षं यातच जाऊ शकतात.

तेलंगणाचं उदाहरण डोळ्यांपुढे ठेवा. ११ ऑक्टोबर २०१६ ला दसऱ्याच्या दिवशी १० चे ३१ जिल्हे केले, २०१९ मध्ये ३३ झाले. कर्मचाऱ्यांचं कायम वाटप झालं डिसेंबर २०२१ च्या शासन आदेश ३१७ ने. पाच वर्षं शिक्षक आणि कारकून जुन्या जिल्ह्यांच्या संवर्गात होते, आणि वाटप झालं तेव्हा पती एका जिल्ह्यात, पत्नी दुसऱ्या, अशा तक्रारींनी राज्य ढवळून निघालं. तारीख आधी आणि यादी नंतर, याचा हा परिणाम.

कज्जा:

टाचण यांचा तिसरा प्रश्न राहिला: काय बदलत नाही.

मतदारसंघ बदलत नाहीत. ते परिसीमन (मतदारसंघांच्या हद्दी आखण्याच्या) आदेशाने ठरतात, जिल्हा अधिसूचनेने नव्हे. पालघर लोकसभा मतदारसंघ २००९ च्या निवडणुकीपासून आहे, म्हणजे जिल्ह्याच्या आधीपासून. डहाणू, विक्रमगड, पालघर, बोईसर, नालासोपारा, वसई हे त्यातले सहाही विधानसभा मतदारसंघ पालघर जिल्ह्यात येतात, हे सोयीचं झालं. पण वाडा तालुक्याचा काही भाग भिवंडी ग्रामीण आणि शहापूरला जोडलेला आहे. त्या गावांचा जिल्हाधिकारी पालघरचा, खासदार भिवंडीचा.

न्यायालय आपोआप येत नाही. सत्र विभाग आणि त्याच्या हद्दी राज्य शासन उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून ठरवतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ७. एका सत्र विभागात दोन जिल्हे असू शकतात. उलट जिल्हा दंडाधिकारी मात्र प्रत्येक जिल्ह्याला लागतोच, तो त्याच संहितेच्या कलम १४ खाली. म्हणून नव्या जिल्ह्यात जमावबंदीचा आदेश पालघरमधून आणि सत्र खटला जुन्याच ठिकाणी, असं बराच काळ चालू शकतं.

पोलिसांची हद्दही जिल्ह्याशी जुळेलच असं नाही. १ ऑक्टोबर २०२० पासून मिरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय आहे. मिरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यात, वसई पालघर जिल्ह्यात. एक आयुक्तालय, दोन जिल्हे.

ठाणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक दोन्ही जिल्ह्यांत काम करते. पिनकोड टपाल खात्याचा, त्याचा जिल्ह्याशी संबंध नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचं, अनुसूचित क्षेत्र. ते राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरतं, महाराष्ट्रासाठी १९८५ चा. त्या आदेशात तलासरी, डहाणू, मोखाडा, जव्हार, वाडा हे तालुके पूर्ण आणि पालघर, वसईचा काही भाग ठाणे जिल्ह्याखाली लिहिलेला आहे. जिल्ह्याचं नाव बदललं म्हणून क्षेत्र वगळलं जात नाही, पेसाचे (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) अधिकार तसेच राहतात. विक्रमगड तालुक्याचं नाव आदेशात सापडत नाही म्हणून घाबरू नका. तो तालुका १९९९ मध्ये मुख्यतः जव्हारमधून काढला. १९८५ ला ज्या तालुक्यात गाव होतं, तो पाहायचा.

माणदेशी:

जातीच्या दाखल्याचं काय होतं? जुन्या कागदांवर सगळीकडे जि. ठाणे असणार.

कज्जा:

जुने कागद बाद होत नाहीत. दाखला देणारा सक्षम अधिकारी ठरतो तो मानीव दिनांकाला (त्या प्रवर्गासाठी ठरवून दिलेल्या तारखेला) कुटुंब कुठे राहत होतं त्यावरून. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या दिवशी आजोबा डहाणू तालुक्यातल्या गावात असतील तर आज अर्ज डहाणूच्या प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे), कागदावर ठाणे असलं तरी. अर्जात एक ओळ घालावी: "सदर गाव दि. १/८/२०१४ पासून पालघर जिल्ह्यात समाविष्ट". खालच्या टेबलावरची निम्मी त्रुटीपत्रं या एका ओळीने वाचतात.

तलासरीकडच्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. १९६० पूर्वीचा कागद असेल तर त्यावर तालुका उंबरगाव असू शकतो. तो तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, राज्य वेगळं होताना त्याचा मोठा भाग गुजरातला गेला आणि आज तो वलसाड जिल्ह्यात आहे. उंबरगाव हे नाव दिसलं म्हणून माणूस परराज्यातला ठरत नाही. गावाचं नाव पाहावं.

चावडी:

दफ्तराचं राहिलं. हा भाग माझ्या मते सगळ्यांत दुर्लक्षित आहे.

अभिलेख कक्षात कागद वर्गवारीने असतात. अ कायम, ब तीस वर्षं, क दहा, क-१ पाच, ड एक वर्ष. वाटणीआधी पहिलं काम निर्लेखन. मुदत संपलेले ड आणि क-१ चे गठ्ठे नियमाने काढून टाकले नाहीत तर निरुपयोगी कागद ट्रकने नव्या मुख्यालयात जातो आणि तिथे जागा अडवतो. घाईत नेमकं उलटं होतं, अ वर्गाचा गठ्ठा खाली दबतो.

दुसरं काम गावनिहाय फोड. जिल्हा अभिलेख कक्षात गठ्ठे बहुतेक तालुका आणि वर्षवार बांधलेले असतात. जे तालुके अख्खे गेले त्यांचे गठ्ठे अख्खे जातात. अडतं ते मिश्र प्रकरणांत. एकाच भूसंपादनात, एकाच कूळकायद्याच्या अपिलात किंवा एकाच पाटबंधारे योजनेत दोन्ही बाजूंची गावं असतात. संचिका फाडून दोन करायची नसते. मूळ संचिका जिकडे जास्त गावं तिकडे, दुसरीकडे पूर्ण प्रमाणित प्रत, आणि मूळ गठ्ठ्यात रिकाम्या जागी एक चिठ्ठी: संचिका क्रमांक, पानं किती, कुठे गेली, कोणत्या दिवशी, दोन्ही अभिलेखपालांच्या सह्या. ही चिठ्ठी म्हणजे वीतभर कागद, पण ती नसेल तर वीस वर्षांनी दोन्ही कार्यालयं "आमच्याकडे उपलब्ध नाही" असं लिहून देतात आणि त्या उत्तरावर माणसाची जमीन जाते.

विक्रमगडच्या एखाद्या गावचा जुना फेरफार शोधायचा तर तीन थर आहेत. १९९९ नंतरचा तालुक्यात. त्याआधीचा बहुधा जव्हार तहसीलात. अपिलं आणि जिल्हा स्तरावरची प्रकरणं २०१४ पर्यंतची ठाण्यात किंवा तिथून आलेल्या गठ्ठ्यांत. आणि संस्थान विलीन होण्याआधीचं, म्हणजे १९४८ पूर्वीचं असेल तर कागद मोडीत निघण्याची शक्यता धरून चला. अर्ज करताना तिन्ही ठिकाणी एकाच दिवशी करावा, आणि अर्जात आजचा तालुका आणि जुना तालुका दोन्ही लिहावे.

चालू प्रकरणांची वाटणी जमीन कुठे आहे त्यावरून. सुनावणी पूर्ण होऊन निकालासाठी बंद असलेली प्रकरणं मात्र नियत दिवसाआधी निकाली काढलेली बरी. नाहीतर नव्या अधिकाऱ्यासमोर पुन्हा युक्तिवाद.

लेखाशीर्ष:

पूर्ण जिल्हा करण्याऐवजी अपर जिल्हाधिकारी हा मधला मार्ग आहे. मालेगाव, अंबाजोगाईला तो पूर्वीपासून आहे, शिर्डीला २०२३ मध्ये केला. मालेगाव आणि अंबाजोगाईला अपर पोलीस अधीक्षकही. महसुली अपिलं आणि दंडाधिकाऱ्याचे अधिकार सोपवता येतात, लोकांचे हेलपाटे खरोखर कमी होतात, खर्च जिल्ह्याच्या मानाने किरकोळ. पण जिल्हा नियोजन समिती, जिल्हा परिषद, जिल्हा रुग्णालय जुन्याच जागी राहतं. लोकांना रुग्णालय हवं असेल तर अपर जिल्हाधिकारी देऊन भागत नाही. मागणी कशाची आहे ते आधी नीट विचारलं पाहिजे.

उत्तर कोकण:

पूर्ण सहमत नाही. जव्हारला अपर जिल्हाधिकारी होतेच, तरी मागणी थांबली नाही, कारण निधीवरची सही ठाण्यातच होती. हेलपाटा एका सहीचा वाचतो, दुसऱ्या सहीसाठी पुन्हा तोच रस्ता. अधिकार सोपवण्याचा आदेश कलमनिहाय आणि लोकांना दिसेल असा फलकावर लावलेला नसेल, तर कार्यालय असूनही माणूस थेट मुख्यालय गाठतो.

लेखाशीर्ष:

फलकाचा मुद्दा मान्य. निधीचा मुद्दाही. तिथे अपर जिल्हाधिकाऱ्याने काही होत नाही हे खरं.

टाचण:

जिल्हा परिषदेच्या निवडणुकांवर काही? अविभक्त परिषदेचं काय झालं?

नकाशावेडा:

६६ सदस्यांची ठाणे जिल्हा परिषद होती. विभाजनानंतर पालघरची ५७ जागांची निवडणूक जानेवारी २०१५ मध्ये झाली. ठाण्याची लांबत लांबत डिसेंबर २०१७ मध्ये, ५३ जागांची. मधल्या काळात ठाण्याचा ग्रामीण भाग निवडून आलेल्या जिल्हा परिषद सदस्यांशिवाय. कारण समजून घ्यावं असं आहे: गट (जिल्हा परिषदेचे मतदारसंघ) आणि गण (पंचायत समितीचे) ठरवायचे तर आधी जिल्हा परिषदेत गावं कोणती राहिली ते नक्की हवं. शहरालगतच्या ग्रामपंचायती नगरपंचायतीत किंवा महापालिकेत जाणार की नाही, हे लोंबकळत असेल तर प्रभागरचनाच पक्की होत नाही. म्हणून जिल्हा विभाजन आणि नगरपंचायतींची स्थापना एकाच वेळी हातात घेऊ नये.

आणि सध्याची सर्वांत मोठी अट विसरू नका. जनगणना २०२७ साठी प्रशासकीय हद्दी ३१ डिसेंबर २०२५ ला गोठवल्या आहेत. जिल्हा, तालुका, गाव, कोणाचीच हद्द आता गणना होईपर्यंत बदलता येत नाही. जनगणना नियमच तसा आहे, कारण प्रगणकाचा गट एकाच हद्दीत राहिला पाहिजे. सध्या कुणी अमुक तारखेपासून जिल्हा असं सांगत असेल तर ही तारीख त्यांच्यापुढे ठेवा.

माणदेशी:

झालेला जिल्हा रद्द होऊ शकतो का?

कज्जा:

होतो. राजस्थानात ऑगस्ट २०२३ मध्ये १७ नवे जिल्हे आणि ३ महसुली विभाग केले, एकूण ५० जिल्हे. २८ डिसेंबर २०२४ ला पुढच्या सरकारने त्यातले ९ जिल्हे आणि तिन्ही विभाग रद्द केले, राहिले ४१. दूदू, केकडी, शाहपुरा, नीम का थाना, गंगापूर सिटी, अनूपगड, सांचोर, जयपूर ग्रामीण, जोधपूर ग्रामीण. जनगणनेच्या हद्दी गोठण्याआधी निर्णय घ्यायचा होता, म्हणून वर्षअखेर गाठली. सोळा महिन्यांत तिथल्या लोकांनी कागदांवर दोनदा जिल्हा बदलला. महाराष्ट्रातही कलम ४ मध्ये रद्द करण्याचा अधिकार स्पष्ट आहे, पद्धत तीच, पूर्वप्रसिद्धीसह.

टाचण:

खूप उपयोगी माहिती मिळाली. शेवटचं एक: उद्या आपल्या भागाची मसुदा अधिसूचना निघाली, तर सामान्य माणसाने हरकत कशी लिहावी?

चावडी:

एका गावाची एक हरकत, शक्यतो ग्रामसभेच्या ठरावासह. "आमच्यावर अन्याय होतो" एवढंच लिहिलं तर विचारात घ्यायला काही नसतं. पुढच्या गोष्टी लिहा: गावाचं नाव आणि जनगणना सांकेतांक, मसुद्यातल्या अनुसूचीत ते कुठल्या क्रमांकावर आहे, सध्याचं आणि प्रस्तावित मुख्यालय, एसटीच्या रस्त्याने अंतर, दिवसातल्या फेऱ्या, शेवटची परतीची गाडी किती वाजता, बाजारपेठ, तालुक्याचं रुग्णालय, दुय्यम निबंधक कुठे, पावसाळ्यात कोणता पूल किंवा घाट बंद पडतो. मग एकच स्पष्ट मागणी: गाव अमुक तालुक्यात ठेवावं. दोन पर्याय दिले तर दोन्ही सैल पडतात.

अनुसूचीत गावाचं नाव नीट तपासा. एकाच नावाची दोन गावं, बुद्रुक आणि खुर्द, किंवा सुटून गेलेला पाडा, यात चुका होतात. अंतिम अधिसूचनेत चुकलं तर शुद्धिपत्रक निघेपर्यंत ऑनलाइन सातबाऱ्यावर गाव भलत्याच तालुक्यात दिसतं आणि पीककर्ज, पीकविमा दोन्ही अडतं.

हरकत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवक टेबलावर द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्या. मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका. शिक्क्याची प्रत ग्रामपंचायतीच्या दफ्तरात लावून ठेवा, स्वतःच्या घरी नव्हे.